भिंतीवरची रेघ, दारावरची नोटीस

कोल्हापुरात रमणमळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर पेन्सिलनं मारलेल्या दोन रेघा होत्या. खालची 2019 ची, वरची 2021 ची, मध्ये एका वितीचं अंतर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 43 फुटांना गेलं की धोका पातळी. त्या दोन्ही वर्षी ते 55 फुटांच्या वर गेलं आणि तळमजल्यावरच्या आमच्या घरात कमरेएवढं उभं राहिलं. दुसऱ्या पुरानंतर आम्ही रंग दिला तेव्हा रेघा पुसल्या गेल्या. मुलानं पट्टी घेऊन त्या परत मारल्या. मी त्याला रागावले होते. पुढं त्या रेघा कामाला आल्या.

घर 2015 साली घेतलं, 26 लाखांना. 20 लाख बँकेचं कर्ज, महिन्याला साडेअठरा हजारांचा हप्ता. हे शिरोली एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये होते, मी घरी ब्लाऊज शिवत होते. पहिले चार वर्षं एकही हप्ता चुकला नाही. 2018 मध्ये शेजारच्या बिल्डिंगमधला तसाच फ्लॅट 31 लाखांना गेला तेव्हा आम्ही मनातल्या मनात श्रीमंत झालो होतो.

मग पूर, मग कोरोना, मग परत पूर. माझ्या दोन्ही शिलाई मशिनी पाण्यात गेल्या. यांच्या शॉपमध्ये काम निम्म्यावर आलं, 2022 च्या दिवाळीनंतर मालकानं ती पाळीच बंद केली. घर विकावं म्हणून एजंटांना सांगून ठेवलं, तर फोनवर पहिला प्रश्न यायचा, "पाणी येतंय काय?" दुसरा, "लाल रेषेत हाय का निळ्या?" पाटबंधारे खात्यानं नदीच्या दोन्ही अंगांना आखलेल्या या पूररेषा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी जिथवर पोचतं ती निळी, शंभर वर्षांतून एकदाचं जिथवर पोचतं ती लाल. आमची बिल्डिंग दोन्हींच्या मधे. एकानं 16 लाख म्हटलं, दुसऱ्यानं फोनच ठेवला.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तीन हप्ते गेले नाहीत. हप्ता थकून 90 दिवस झाले की बँकेच्या वहीत खातं एनपीए, म्हणजे बुडीत चाललेलं कर्ज, होतं हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण त्याच्या पुढं काय होतं हे कोणाला विचारायची हिंमत नव्हती. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला तेव्हा हे घरात होते आणि यांनी ते घेतलं नाही. "बँकेचं हाय, घेतलं की आपल्यावर शाबीत होतंय," असं यांना वाटलं. दोनदा परत पाठवलं.

ही आमची सगळ्यात मोठी चूक. पत्र घेतलं नाही म्हणून कायदा थांबत नाही. बँकेचा माणूस आला, नोटीस दारावर चिकटवली, फोटो काढला आणि गेला. चार दिवसांनी तीच नोटीस नाव-पत्त्यासकट वर्तमानपत्रात आली. जे लपवायचं म्हणून पत्र नाकारलं, ते आख्ख्या गल्लीनं वाचलं. मी डिंक लावलेला कागद नखांनी खरवडून काढत होते आणि वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबून, मला बघितलंच नाही असं दाखवत, परत वर गेल्या. माणसाला त्या क्षणी पैशाचं काहीच वाटत नाही, फक्त जमीन दुभंगावी असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी तो आला.

पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल, बोलणं अगदी मऊ. वर्तमानपत्रातलं नाव वाचून आलो असं त्यानं लपवलं नाही. "दाजी, बँक लिलाव काढणार. लिलावात बारा लाख पण यायचे न्हाईत आणि फरक परत तुमच्याकडनंच वसूल करणार. मी मधे पडतो. थकबाकी मी भरतो, बँकेत माझी ओळख हाय. घर तुमचंच राहणार, फक्त कागदावर तीन वर्षं माझ्या नावानं. तुम्ही भाडं द्यायचं, तीन वर्षांनी परत तुमच्या नावावर." आणि उठता उठता, आवाज खाली आणून, "आणि वहिनी, कुणाला कळायचं बी न्हाई."

ते शेवटचं वाक्य आम्ही विकत घेतलं. आज मी शांतपणे विचार करते तेव्हा मला हेच दिसतं की त्या माणसाकडं आमच्यासाठी पैसे नव्हतेच. त्याच्याकडं होती ती गुपचूपपणाची हमी. नातेवाईकांना कळणार नाही, मुलाच्या शाळेत कळणार नाही, दारावर परत कागद लागणार नाही. त्या बदल्यात आम्ही काहीही द्यायला तयार होतो.

फाईल चार्ज म्हणून 45 हजार दिले. 20 हजार गुगल पेनं, 25 हजार रोख. रोख रक्कम माझे डोरले मोडून आली. पावती मागितली तर म्हणाला, "घरच्या माणसात पावती कसली?"

शनिवारी दुपारी सह्यांसाठी त्यानं आम्हाला स्टेशन रोडच्या बाजूच्या एका गाळ्यात बोलावलं. टेबलावर तीन कागद तयार होते. एक साठेखत, म्हणजे घर विकायचा करार, एक वटमुखत्यारपत्र, म्हणजे आमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार, आणि तिसरा अर्ध्या पानाचा. शेजारी यांच्या चेकबुकातले चार चेक ठेवायला सांगितले होते, कोरे. यांनी पेन उचललं. मी म्हटलं, जरा वाचते.

"वाचून काय करणार हायसा वहिनी, वकिली भाषा असतीय."

मी शिवणकाम करणारी बाई आहे. कापडावर कात्री घालायच्या आधी माप दोनदा घ्यायची सवय हाताला आहे. मी वाचायला लागले. पहिलं पान आमच्या नावांचं, दुसऱ्यावर मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा. तिसऱ्या पानावर मजकूर होता, तो मला आजही शब्दाशब्दानं आठवतो: "सदर मिळकतीचा संपूर्ण मोबदला रक्कम रुपये 14,00,000 लिहून देणार यांना लिहून घेणार यांजकडून रोखीने पावला असून त्याबाबत काही तक्रार राहिलेली नाही. प्रत्यक्ष कब्जा आज रोजी दिला आहे." लिहून देणार म्हणजे आम्ही. चौदा लाखांतला एक रुपया आमच्या हातात आला नव्हता. तीन वर्षांनी घर परत देण्याबद्दल सगळ्या कागदांत एक ओळ नव्हती. बँकेचं कर्ज कोण भरणार याचीही नव्हती. आणि तो अर्ध्या पानाचा कागद म्हणजे हातउसन्या सहा लाखांची पावती होती, आम्ही त्याच्याकडून घेतलेल्या.

मी विचारलं, परत द्यायचं कुठं लिहिलंय? म्हणाला, "ते तोंडी. विश्वासावर चालतंय सगळं." मी म्हटलं, मग हे कागद आज घरी नेते, सोमवारी सही करून आणते. तिथं त्याचा चेहरा बदलला. कागद ओढून फाईलमध्ये घातले. "कागद बाहेर जात न्हाईत." मऊ आवाज गेला होता.

जो कागद सही करणाऱ्याला घरी नेता येत नाही, त्यावर सही करायची नसते. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, त्या गाळ्यात बसून कळलं. मुलाला ताप आहे असं खोटं सांगून, चार चेक उचलून आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात हे माझ्यावर संतापले. "एकच माणूस मदतीला आलता, त्याला बी तू घालवलंस." रात्री जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. नोकरी गेलेला माणूस, दारावर नोटीस, आणि वर बायको म्हणते थांबा.

सोमवारी मी एकटी बाहेर पडले. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेनं पूर्वी कधीतरी सांगितलं होतं की बायकांना तिथं वकील फुकट मिळतो. ते खरं आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यात महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील देण्याची तरतूद आहे. 15100 हा त्यांचा फोन नंबर. मी साधा अर्ज लिहिला, आधारची झेरॉक्स जोडली, आणि त्यांच्या यादीवरच्या एका वकीलबाईंच्या समोर बसले. कर्ज माझ्याही नावावर होतं, त्यामुळं काम सोपं झालं.

त्यांनी आधी नोटिशीची तारीख बघितली आणि कॅलेंडरवर बोटानं मोजत गेल्या. "चोवीस दिवस गेलेत. छत्तीस आहेत." मला वाटत होतं सगळं संपलंय, आणि त्या दिवस मोजत होत्या.

मग त्यांनी जे समजावलं ते मी दुसऱ्यांसाठी लिहिते, कारण हेच माहीत नसतं म्हणून आपण फसतो. थकलेल्या कर्जासाठी गहाण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्यानं मिळतो. त्याखाली बँकेची पहिली नोटीस येते ती मागणीची. तिच्यात पैसे भरायला 60 दिवस असतात. त्या 60 दिवसांत घर कोणी घेऊ शकत नाही. या काळात आपण लेखी म्हणणं दिलं तर बँकेनं 15 दिवसांत त्याचं उत्तर दिलंच पाहिजे. मुदत संपल्यावर बँक ताबा घेण्याकडं वळते, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करू शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आपल्याला ते पुण्याला. लिलावाच्या आधीही नोटीस लागते, आणि लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंत सगळी रक्कम भरून घर सोडवता येतं. लिलावात कर्जापेक्षा जास्त आले तर वरचे पैसे आपले. कमी आले तर उरलेलं कर्ज आपल्याच डोक्यावर. म्हणजे त्या माणसाची एक गोष्ट खरी होती, आणि म्हणूनच बाकीची खोटी गोष्ट आम्ही गिळली.

"बँकेला तुमचं घर नको असतं," वकीलबाई म्हणाल्या, "बँकेला पैसे हवे असतात. तुम्ही स्वतः जाऊन बोला. आणि घर विकायचंच असेल तर लिलावाच्या आधी, स्वतः, बँकेला सांगून विका." त्यांनीच माझ्या मोबाईलवर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडून, आमच्या मिळकतीवर परस्पर कुठला दस्त नोंदला गेलाय का तेही बघितलं. फुकट असतं ते. काही निघालं नाही तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

बँकेत मात्र तीन हेलपाटे पडले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी वसुलीच्या टेबलावरच्या पोरानं "आता फाईल वर गेली" म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या वेळी मी लेखी अर्ज दोन प्रतींत नेला, एकीवर पोच शिक्का मारल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही म्हणाले. शिक्का मिळाला. त्या शिक्क्यानंतर सूर बदलला, हे मी अनुभवानं सांगते. अर्जात खरं ते सगळं लिहिलं होतं: नोकरी गेली, दोन पूर आले, घर आम्ही स्वतः विकतो, सहा महिने द्या, दंडव्याज सोडा, तोवर महिन्याला सहा हजार भरतो. तेराव्या दिवशी उत्तर आलं. चार महिने दिले. दंडव्याजाचा विचार खातं बंद करताना करू, असं लेखी दिलं.

हे यावेळी बरोबर आले होते. बाहेर आल्यावर चहा घेताना एवढंच म्हणाले, "शनिवारी सही केली असती तर?" मी काही बोलले नाही.

त्या माणसाविरुद्ध तक्रार दोन ठिकाणी दिली. एक पोलीस ठाण्यात, एक सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात, कारण महाराष्ट्रात सावकारीचं नियमन त्यांच्याकडं आहे. 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथल्या बाबूनं विचारलं, "त्यानं तुम्हाला कर्ज दिलं का?" दिलं नव्हतं. सही झाली नव्हती म्हणून आम्ही वाचलो, आणि सही झाली नव्हती म्हणून तक्रारही पातळ झाली. पोलिसांनी बोलावल्यावर त्यानं गुगल पेचे 20 हजार परत केले, त्याचा पुरावा होता. रोख दिलेले 25 हजार गेले. डोरले गेले. मंगळसूत्र काळ्या मण्यांचं राहिलं, अजून तसंच आहे.

आता घर विकायचं होतं, पडलेल्या बाजारात. एजंटांचा सल्ला ठरलेला: नवा रंग द्या, रेघा पुसा, पाण्याचं विचारल्याशिवाय सांगू नका, गिऱ्हाईक पुण्याचं बघा. मला ते जमेना. आमच्या अडचणीचा फायदा घेऊन कोणी आम्हाला अर्धी गोष्ट सांगितली, तेव्हा काय वाटलं ते ताजं होतं. मी आलेल्या प्रत्येकाला आधी भिंतीजवळ नेत होते. ही 2019 ची, ही 2021 ची. पाणी इतके दिवस होतं. मीटर आम्ही वर घेतलाय, ओटा काँक्रीटचा केलाय, कपाटं भिंतीला उंचावर ठोकलीत. अकरा जण बघून गेले. यांना वाटायचं मी घर विकायला बसलेय की घालवायला.

बाराव्यांदा आले ते एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांचे भाऊ आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यामुळं जिना चढवत नव्हता, भावाजवळ तर राहायचं होतं. त्यांनी भिंतीवरच्या रेघेला हात लावून बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "पाणी आलं की आम्ही भावाकडं वर जातो. आठ दिवस. बाकी वर्ष तर आपलंच की." भाव 20 लाख 25 हजारांवर ठरला. आम्ही घेतल्यापेक्षा जवळजवळ सहा लाखांनी कमी. पण त्या माणसाच्या कागदावरच्या चौदा लाखांपेक्षा सव्वासहा लाखांनी जास्त, आणि हे चौदा नुसते लिहिलेले होते.

व्यवहार बँकेला मधे ठेवून केला. बँकेनं खातं बंद करायची रक्कम लेखी दिली, दंडव्याज वगळून 17 लाख 58 हजार. आधी साठेखत नोंदवलं, खरेदीदारानं त्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट थेट आमच्या कर्जखात्यावर दिला, बँकेचं ना हरकत पत्र आल्यावर दुय्यम निबंधकांकडं खरेदीखत झालं. त्या गृहस्थांनी घर बायकोच्या नावानं घेतलं, महिलेच्या नावावर निवासी घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते म्हणून. घरफाळ्याची थकबाकी आम्ही भरली. आमच्या हातात अडीच लाखांच्या आसपास राहिले. त्यातून एक मशिन घेतली, कदमवाडीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं. यांना पुढं कागलकडच्या एका कारखान्यात काम लागलं.

व्यवहार झाला त्याच डिसेंबरात, 2023 ला, यांच्या मोबाईलवर एका जाहिरातीचा व्हिडिओ आला होता. बँकेचं कर्ज माफ, सेवा शुल्क भरा, कर्जमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवा. रिझर्व्ह बँकेनं त्याच महिन्यात अशा जाहिरातींपासून सावध राहा, असं प्रमाणपत्र द्यायचा कुणालाही अधिकार नाही, म्हणून पत्रक काढलं. यांनी तो व्हिडिओ मला दाखवला, आणि आपणच पत्रकाचा फोटो काढून शॉपमधल्या जुन्या सगळ्या मित्रांना पाठवला. त्यातल्या दोघांचे घराचे हप्ते थकलेत हे मला तेव्हा कळलं. ते दोघंही कुणाशी बोलले नव्हते.

मूळ कागदपत्रं बाकी होती. 1 डिसेंबर 2023 पासून असा नियम आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेनं 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, त्यांच्यामुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आमचं खातं डिसेंबरातच बंद झालेलं, त्यामुळं नियम लागू होता आणि मी तो अर्जात लिहिलाही होता. एकोणिसाव्या दिवशी फोन आला. मी, हे आणि आमचं घर घेतलेले ते गृहस्थ, तिघं गेलो. शिपायानं आतून एक खाकी पाकीट आणलं, लाखेचा शिक्का लावलेलं.

दोन पुरांत आमच्या घरातला एकही कागद धड राहिला नव्हता. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटले, मुलाचं जन्माचं प्रमाणपत्र नवीन काढावं लागलं, शाळेचे दाखले लगदा झाले. पाकिटातलं खरेदीखत मात्र कोरडं होतं. 2015 च्या सह्या, निळी शाई, तशीच ठसठशीत. माझी सही तेव्हा किती सरळ होती. मी एकदा सगळी पानं चाळली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बाकीचे थांबले. मग पाकीट त्या गृहस्थांच्या हातात दिलं.